काढून ठेवलेला बाक

आमच्या कासुर्डीतल्या घराच्या ओसरीवर मोटारीचा एक बाक आहे. करड्या रंगाचं रेक्झिन, एका कोपऱ्याला उसवलेली शिवण, खाली लोखंडी पाय. नवा माणूस घरी आला की आधी त्या बाकाकडं बघतो, मग दारातल्या बोलेरोकडं बघतो आणि विचारतो, "हा गाडीतनं काढला का?" याचं उत्तर द्यायचं तर आम्हाला अब्बांच्या सुजलेल्या पायांपासून सुरुवात करावी लागते.

आम्ही मणेर. बांगड्या भरणं हा आमचा पिढीजात धंदा. पुणे-सोलापूर रस्त्यावर उरुळी कांचन आणि यवत यांच्या मधे आमचं गाव. आजूबाजूला उसाची शेतं, गुऱ्हाळं आणि खडकवासल्याहून आलेला कालवा. आमचे आजोबा पाठीवर गाठोडं घेऊन त्या कालव्याच्या कडेकडेनं वाड्या-वस्त्या फिरायचे. अब्बांनी सायकल घेतली. पुढं एसटीच्या टपावर पेटी टाकून त्यांनी लांबच्या जत्रा केल्या, आणि मग बजाजची एम-एटी आली. वाड्यांवरच्या बायका त्यांना मामा म्हणतात. ज्या पोरीच्या हातात त्यांनी पहिल्यांदा काकणं भरली, तिच्या लेकीचा आणि नातीचाही लग्नाचा हिरवा चुडा त्यांनीच भरला. आम्ही दोघे भाऊ त्यांच्या हाताखाली तयार झालो. फिरोजाबादचा माल पुण्यात घ्यायचा, घरी आणून मापाप्रमाणे लावायचा आणि जत्रेत मांडायचा. बिलोरी, राजवर्खी, रेशमी हे शब्द आम्ही मुळाक्षरांच्या आधी शिकलो.

जत्रेचा धंदा म्हणजे रात्रीचा मुक्काम आलाच. वीरच्या म्हस्कोबाची यात्रा माघी पौर्णिमेपासून पुढं दहा दिवस चालते. जेजुरीला सोमवतीला माणसांचा समुद्र असतो. महाशिवरात्रीला भुलेश्वर आणि चैत्र-वैशाखात तर गावोगावच्या जत्रा. रात्री माल झाकला तरी तो सोडून जाता येत नाही. काचेची बांगडी चोरानं नेली नाही तर एखादं भटकं कुत्रं पेटीवर उडी मारतं, आणि सकाळी भांडवल कचऱ्यात. म्हणून मालाशेजारीच झोपायचं. अब्बा देवळाच्या ओवरीत झोपले, शाळेच्या व्हरांड्यात झोपले, दर्ग्याच्या अंगणात झोपले, ओळखीच्या ट्रकखाली झोपले. लॉज परवडत नव्हतं. परवडलं असतं तरी माल बाहेर टाकून आत झोप कुणाला आली असती? एक-दोनदा नाव सांगितल्यावर शेवटची खोली "आत्ताच गेली" असंही झालं. तो विषय इथं नको.

२०१६ साली आम्ही जुनी बोलेरो घेतली. सात वर्षं चाललेली गाडी, पण इंजिन निरोगी आणि पोट जमिनीपासून उंच. पावसाळ्यात वाडीवरच्या चिखलातून आणि गुऱ्हाळांच्या चाकोऱ्यांतून तीच निघते. पुढं दोन जागा, मधे तिघांचा बाक, मागं समोरासमोर दोन छोट्या आडव्या जागा. गाडी आली त्या दिवशी अम्मीनं तिच्यावरून नारळ उतरवला आणि मधल्या बाकावर उजव्या खिडकीशी जाऊन बसली. ती जागा तिची झाली. गाडीतून ती शिरूरला माहेरी गेली, खेड शिवापूरच्या दर्ग्याला गेली, भिगवणला उजनीच्या पाण्यावरचे रोहित पक्षी बघून आली. बाजारातली खरेदीही ती खिडकीतूनच करायची. चाळीस वर्षं जिचा नवरा जत्रेला जायचा आणि जी घरी थांबायची, तिला ही खिडकी म्हणजे काय होती, हे तेव्हा आमच्या ध्यानात आलं नाही.

२०१८ च्या वीरच्या यात्रेत अब्बा सलग नऊ रात्री पुढच्या जागेवर, पाठ मागं टाकून, बसल्या बसल्या झोपले. माघातली थंडी होती आणि त्यांना खोकला झाला होता, म्हणून बाहेर झोपायची सोय नव्हती. घरी आले तेव्हा दोन्ही पाय पोटऱ्यांपर्यंत सुजले होते. बोट दाबलं की खड्डा राहायचा. डॉक्टरांनी तपासण्या केल्या, गोळ्या दिल्या आणि एकच गोष्ट दोनदा सांगितली : रात्रभर पाय लोंबकळत ठेवून झोपायचं नाही, आडवं झोपायचं. अब्बा त्या वेळी बासष्ट वर्षांचे होते. "धंदा सोडा" असं सांगितलं तर ते ऐकणार नव्हते. मग आडवं झोपता येईल अशी गाडी करायची, असं आम्ही दोघा भावांनी ठरवलं.

पुण्या-मुंबईची तरुण मुलं हल्ली हौसेनं असं करतात. जीपमधले मागचे बाक काढतात, फळी टाकतात, खाली खण करतात आणि डोंगरात मुक्कामाला जातात. भुलेश्वरच्या पायथ्याशी एक जोडपं असं उतरलेलं आम्ही पाहिलं होतं. त्यांनी मोकळ्या मनानं सगळं उघडून दाखवलं. खाली स्टोव्ह, भांडी, पाण्याचा कॅन, वर गादी. आमच्या थोरल्याच्या डोक्यात ते चित्र बसलं. फरक इतकाच की, त्यांच्या खणात सहलीचं सामान होतं आणि आमच्या खणात काच राहणार होती.

त्या दिवाळीनंतर काम सुरू झालं. शेजारच्या सुतारकाकांना बोलावलं. त्यांनी आल्या आल्या बाक काढायला लावले. सतरा नंबरच्या पान्यानं बोल्ट सैल केले. मधला बाक चौघांनी उचलून ओसरीवर ठेवला, मागच्या दोन जागा माळ्यावर टाकल्या. अम्मी दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "इसपे तो मैं बैठती थी ना रे." आम्ही म्हणालो, "अब्बा के पांव के वास्ते, अम्मी." मग ती काही बोलली नाही. आत गेली आणि चहा टाकला.

गाडीत आता पत्र्याचा मोकळा तळ आणि दोन्ही बाजूंना चाकांवरचे कमानदार उंचवटे होते. आम्ही टेप लावली. पुढच्या जागांच्या पाठीपासून मागच्या दारापर्यंत साडेपाच फूट. अब्बांची उंची पाच फूट सात इंच. सुतारकाका म्हणाले, "एका इंचासाठी मामांचे पाय कापायचे का?" उपाय त्यांनीच काढला. फळीच्या पुढच्या टोकाला बिजागरी लावून हातभर झडप करायची. रात्री पुढच्या जागा पुढं सरकवल्या की झडप उघडायची आणि एका पायावर टेकवायची. दिवसा ती दुमडून ठेवायची. झोपताना डोकं पुढं आणि पाय मागच्या दाराकडं, म्हणजे उठून थेट गाडी चालवायला बसता येतं.

पहिली चूक उंचीत झाली. खाली बांगड्यांच्या खोक्यांच्या दोन थरी बसाव्यात म्हणून आम्ही फळी तळापासून वीस इंचांवर घेतली. माल भरपूर मावला. अब्बा वर चढले आणि आडवे झाले. उठून बसायला गेले तर डोकं छताला. तळापासून छत जेमतेम चार फूट. वीस इंच खाली गेल्यावर बसायला माणसाला जागाच उरत नाही. ते तसेच आडवे पडून म्हणाले, "ही कबर झाली रे, बिछाना नाही." दुसऱ्या दिवशी सगळे पाय कापून बारा इंचांवर आणले. त्याहून खाली जाता येत नव्हतं, कारण चाकांचे उंचवटे आडवे येत होते. माल एक थर कमी झाला, पण माणूस ताठ बसू लागला. कुणी असं काम काढणार असेल तर त्यानं आधी गाडीत वीट-फळी मांडून बसून बघावं. टेपपेक्षा मान खरं सांगते.

दुसरी चूक वजनाची. भक्कम हवं म्हणून एकोणीस मिलीमीटरचं प्लाय आणलं. नुसत्या फळीनंच मागचे पाटे दबले. मग एक इंची चौकोनी पाइपाची चौकट केली, फूटभर अंतरावर आडवे पाइप टाकले आणि वर बारा मिलीमीटरचं, पाण्याला टिकणारं प्लाय बसवलं. आधार जवळजवळ असले की पातळ फळीही वाकत नाही. जड माल शक्यतो पुढच्या बाजूला, मागच्या चाकांच्या अलीकडं ठेवायचा, नाहीतर चढाला गाडीचं तोंड हलकं होतं.

चौकट गाडीला कशी धरायची, हा खरा प्रश्न होता. नुसती ठेवलेली चौकट करकचून ब्रेक लागला की पुढच्या माणसाच्या पाठीत येते. फॅब्रिकेशनवाला म्हणाला, पत्र्यालाच वेल्डिंग मारतो. आम्ही नको म्हणालो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणीतल्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाला मनानं करता येत नाही. आमचं काम चालू होतं तेव्हाच, जानेवारी २०१९ मध्ये, सर्वोच्च न्यायालयानंही कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलाविरुद्ध गाडी बदलता येणार नाही असा निकाल दिला आणि पेपरात त्याची बरीच चर्चा झाली. आमच्या गाडीच्या पुस्तकात सात माणसांची बैठक लिहिलेली. म्हणून आम्ही ठरवलं की, पत्र्याला एकही नवं भोक पाडायचं नाही, काहीही कापायचं नाही, आणि बाक केव्हाही परत बसवता आले पाहिजेत. बांगड्यांच्या खोक्याचा पुठ्ठा तळावर अंथरून बाकाच्या भोकांचे ठसे घेतले. त्या ठशांवरून चौकटीच्या पायांना पट्ट्या केल्या आणि बाकाचेच बोल्ट त्यांत घातले. मधे सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे दिले, म्हणजे लोखंडाची खडखड होत नाही.

पुढं एकदा नाकाबंदीत हवालदारांनी दार उघडून विचारलंच, "सीट कुठंय?" आम्ही म्हणालो, घरी ओसरीवर आहे, बोल्ट इथं आहेत, सीझन संपला की बसवतो. त्यांनी चौकट हलवून बघितली. "परत असं दिसलं तर पावती फाडीन," म्हणाले आणि जाऊ दिलं. चूक त्यांची नव्हती.

खणांचं काम अब्बांनी स्वतः उभं राहून करून घेतलं. मापाप्रमाणे कप्पे : लहान मुलींची काकणं एका बाजूला, सव्वादोन ते अडीचपर्यंतची मापं मधे, लग्नाचे हिरवे चुडे सगळ्यांत खाली, कापसाच्या गादीवर. दर हिवाळ्यात मेंढरं घेऊन धनगरांचे वाडे आमच्या रानातून जातात. घोड्यावर सगळा संसार बांधलेला असतो, वर कोंबडी आणि कधी एखादं लेकरू. मुक्कामावर पहिल्यांदा काय लागणार, ते त्या बायकांनी वर बांधलेलं असतं. अब्बा म्हणायचे, सामान लावायचं तर त्यांच्याकडून शिकावं. म्हणून दिवा, पाण्याची बाटली, औषधं आणि चादर हे दार उघडताच हाताशी येईल असं ठेवलं. खणांना आधी बाजारातले लोखंडी चॅनल लावले होते. गुऱ्हाळाच्या रस्त्यावरची धूळ पंधरा दिवसांत त्यात बसली आणि खण अडले. सुतारकाकांनी ते काढून लाकडी पट्ट्या लावल्या आणि वर मेणबत्ती घासली. ते खण अजून सुरळीत सरकतात.

रात्रीचे नियमही ठरले. इंजिन चालू ठेवून झोपायचं नाही. इंजिनाच्या धुरातल्या विषारी वायूला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. आत शेगडी पेटवायची नाही. दोन काचा दोन बोटं उघड्या ठेवून त्यावर मच्छरदाणीचं कापड लावायचं, नाहीतर दोन माणसांच्या श्वासानं पहाटेपर्यंत काचा ओल्या होतात आणि गोधडी दमट लागते. आणि शेवटचा नियम : चालत्या गाडीत फळीवर कुणीही बसायचं नाही, झोपायचं नाही. तिथं पट्टा नाही, धरायला काही नाही.

फेब्रुवारीत वीरची यात्रा झाली. अब्बा दहाही रात्री पाय लांब करून झोपले. घरी आल्यावर त्यांनी विजार गुडघ्यापर्यंत वर केली आणि आम्हाला पाय दाखवले, बक्षीस मिळाल्यासारखे. सूज नव्हती. प्लाय, पाइप, सुतारी, सगळं मिळून चौदा हजार गेले होते आणि ते वसूल झाले असं आम्हाला वाटलं.

मार्चमध्ये भुलेश्वरच्या चढाला एक खण कडी निसटून मागं आला, दारावर आपटला, दार उघडलं आणि अकरा डझन रेशमी रस्त्यावर. बांगडी फुटली म्हणायचं नाही, वाढली म्हणायचं, ही आमच्या धंद्याची रीत. अब्बा खाली उतरले, बघितलं आणि म्हणाले, "बऱ्याच वाढल्या." तेव्हापासून प्रत्येक खणाला कडीशिवाय लाकडी फिरकी आणि वरून रबरी पट्टा आहे.

जूनमध्ये तुकोबांची पालखी आली. लोणी काळभोरहून यवतच्या मुक्कामाला जाताना ती आमच्या फाट्यावरून जाते. यवतला त्या रात्री पिठलं-भाकरीचा बेत असतो, गावोगावच्या चुली त्यासाठी पेटतात. आम्ही गाडी फाट्यावर लावून बांगड्या मांडल्या होत्या. एका दिंडीतल्या म्हाताऱ्या मावशी तापानं फणफणल्या होत्या. सोबतच्या बाया सावली शोधत होत्या. अब्बांनी मागचं दार उघडलं आणि गोधडी झटकून घातली. मावशी तासभर झोपल्या. त्या वेळात धंदा बंद, कारण खण फळीखाली आणि दारात त्यांचे पाय. उठल्यावर त्यांनी फळीवरून हात फिरवला आणि विचारलं, "लेका, घरचं बिऱ्हाड कुठं बसतं मग?" अब्बा हसून म्हणाले, "घरी."

अम्मी जवळच होती. भाकरी घेऊन ती फाट्यापर्यंत चालत आली होती. त्या सबंध वर्षात ती गाडीत एकदाही बसली नव्हती. पुढची एक जागा होती, पण दोन सुना आणि नातवंडं मागं टाकून एकटीनं कुठं जायचं, म्हणून तिनं जाणंच सोडलं. शिरूरला एसटीनं एकदा जाऊन आली. संध्याकाळी ओसरीवरच्या बाकावर बसून ती तांदूळ निवडायची, तेही उजव्या टोकाला. आम्ही ते रोज बघत होतो. बाक परत बसवता येईल असा केला होता, हे खरं. पण आमची चौकट साडेपाच फुटांची, एकसंध. ती बाहेर काढायची तर आधी सगळा माल उतरवायचा, मग चार माणसं लावायची. दीड-दोन तासांचं काम. जे इतकं कष्टाचं असतं ते होत नाही. जत्रांमागून लग्नसराई, लग्नसराईमागून श्रावण, श्रावणामागून दिवाळी. बाक काही आत गेला नाही.

डिसेंबरात एका रात्री पावणेदोनला फोन आला. शिरूरला मामू गेले. अम्मीचा पाठचा भाऊ. फजरनंतर लगेच मिट्टी होती.

दारात गाडी उभी. आत लग्नसराईचा माल ठासून भरलेला. उरुळीहून अम्मीच्या थोरल्या बहिणीला, खालाला, घ्यायचं होतं. त्या पंच्याहत्तरीच्या, गुडघे वाकत नाहीत, म्हणून पुढची जागा त्यांची. अब्बा आणि धाकटा मोटारसायकलवर निघाले. अम्मी आणि दोन्ही सुना उरल्या. रात्री दोन वाजता दुसरी गाडी कुठून आणणार? माल उतरवायला वेळ नव्हता. आम्ही स्वतःच केलेला नियम मोडला आणि तिघींना फळीवर बसवलं.

उरुळीहून परत फिरून यवत, चौफुला, पारगाव, भीमेचा पूल, न्हावरे, शिरूर. बारा इंचांच्या फळीवर माणूस ताठ बसतो, पण गाडी उभी असताना. चालत्या गाडीत प्रत्येक खड्ड्याला तिघींची डोकी छताला लागत होती. सुनांनी अम्मीला मधे घेतलं होतं. गाडी हळू चालवावी तर वेळ जातो, जोरात चालवावी तर मागं तिघी. आणि खाली खणांत हिरवे चुडे वाजत होते. एरवी तो आवाज आम्हाला ऐकूही येत नाही. त्या रात्री तो फार होता. चौफुल्याच्या पुढं अम्मी खाली वाकली, फळीच्या कडेवरून हात सोडून तिनं खण दाबून धरला. शिरूर येईपर्यंत सोडला नाही. आरशात दिसत होतं, पण कुणी तिला हात काढ म्हणालं नाही.

मिट्टी मिळाली. दुपारी मामींजवळ बायका बसल्या होत्या तेव्हा आम्ही बाहेर गाडीपाशी उभे होतो. अम्मी आली. तिच्या उजव्या हाताच्या बोटांवर खणाच्या कडेचा वळ होता. तिनं आम्हाला रागानं काही म्हटलं नाही. एवढंच म्हणाली, "तुम्हारे अब्बा कू सोने की जगा हुई, अच्छा हुआ. मेरे कू बैठने की जगा रखना था ना बेटा."

उत्तर नव्हतंच. घरातली गाडी धंद्याची असते, तशी घराचीही असते. एकाचे पाय लांब व्हावेत म्हणून आम्ही दुसऱ्याची जागा काढली होती. आणि ती काढताना, परत देता येईल एवढ्यावर समाधान मानलं होतं. किती वेळात परत देता येईल, हे मोजलं नव्हतं.

जानेवारी २०२० मध्ये सुतारकाका आणि फॅब्रिकेशनवाला पुन्हा आले. चौकट मधोमध कापून तिचे दोन भाग केले. मागचा भाग, जिथं आडव्या जागा होत्या तिथं, सगळ्या खणांसकट राहिला. पुढचा भाग, मधल्या बाकाच्या जागेवरचा, वेगळा आणि हलका झाला. त्याखाली खण नाहीत, फक्त बिछाना आणि ताडपत्री. दोन भाग एकमेकांना कानवाल्या नटांनी जोडले, ते हातानं सुटतात. पुढचा भाग आता दोन माणसं उचलतात आणि त्याच भोकांत अम्मीचा बाक बसतो. पहिल्यांदा पाऊण तास लागला. आम्ही ते काम पुन्हा पुन्हा केलं, अगदी तालीम केल्यासारखं. आता वीस मिनिटं लागतात. माल उतरवावा लागत नाही. मागच्या खणांपुढं लोखंडी जाळी लावली, म्हणजे ब्रेक लागला तरी काही बाकावर येत नाही. अब्बांचा बिछाना जत्रेपुरता, बाक बाकीच्या दिवसांसाठी.

त्यानंतर दोनच महिन्यांत टाळेबंदी आली. चैत्राच्या जत्रा बंद. २०२० आणि २०२१ या दोन्ही वर्षी तुकोबांच्या पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या आणि आमचा फाटा सुना राहिला. बांगड्या घरात पडून राहिल्या. आम्ही मागच्या खणांत कांदे-बटाटे आणि भाजी भरून वाड्यांवर विकली. मापाप्रमाणे केलेल्या कप्प्यांत मिरच्या आणि लिंबं बरोबर बसली. पुढचा अर्धा भाग तेव्हा घरातच विटांवर ठेवला होता. अब्बा त्याच्यावर झोपायचे. म्हणायचे, सवय झालीय.

२०२२ ला वारी पुन्हा पायी निघाली आणि जत्राही भरू लागल्या. अब्बा आता लांबच्या मुक्कामाला येत नाहीत. फळीवर आम्ही आलटून पालटून झोपतो. आमच्याही डोक्यावर आता पांढरं दिसायला लागलं आहे आणि सकाळी उठताना कंबर धरते, तेव्हा अब्बांनी ओवरीतल्या फरशीवर किती वर्षं काढली याचा हिशोब मनात येतो.

सतरा नंबरचा पाना दारामागं खिळ्याला टांगलेला असतो. बोल्ट एका जुन्या बांगड्यांच्या डब्यात, झाकणावर सुतारकाकांनी खडूनं लिहिलंय, "बाक". जत्रेहून आलो की माल उतरवण्याआधी पुढची चौकट काढायची आणि बाक बसवायचा, हा आता घरातला कायदा आहे. पण माणूस दमून येतो. उद्या करू म्हणतो. दोन दिवस गेले की अम्मी खिळ्यावरचा पाना काढते, ओसरीवरच्या बाकावर उजव्या टोकाला येऊन बसते आणि पाना मांडीवर ठेवते. बोलत काही नाही. आम्ही चहा अर्धा टाकून उठतो.